अक्कांच्या नावाची पेज

नाना, यंदाही पित्तरांना भावाने गावी बोलावलं होतं. जेवणं उरकली, सगळे ओट्यावर सुपारी कातरत बसले आणि तो दरवर्षी म्हणतो तेच पुन्हा म्हणाला, की नानांची सेवा बाईच्या हातून घडली, पुण्य तिला लागलं, आपल्या नशिबात नव्हतं. बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण नाही डोलावली तर विषय लांबतो आणि माझी गाडी चुकते. पण नरडाण्याला पॅसेंजरमध्ये बसल्यापासून जळगाव येईपर्यंत मी तेच एक चघळत होते. पुण्य लागलं म्हणजे माझं नेमकं काय झालं? पाठ त्या वर्षापासून दुखते, एवढं मला माहीत आहे. आणि तुम्ही तर कावळा होऊनसुद्धा भावाच्याच पत्र्यावर येऊन बसता. एकदा मी जळगावात गच्चीवर घास ठेवून पाहिला होता, लेकीने ठेवायची रीत नसताना. तुम्ही आला नाहीत. मेल्यावरही लेकीच्या घरचं चालत नाही, म्हणजे कमाल आहे. आज लिहायला बसले त्याचं कारण मात्र पित्तरं नाहीत, काल धुळ्याला गेले होते ते आहे. पण ते आधी सांगितलं तर तुम्ही हसाल, म्हणून आधी माझं भांडण ऐकून घ्या.

भावाने तुम्हाला आणलं तो दिवस मला पुरा आठवतो. आम्ही पिंप्राळ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, नव्या कॉलनीत, रस्ता अजून मातीचाच. तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हा मानेची कातडी शेक देऊन देऊन जळक्या वांग्यासारखी काळी पडली होती आणि धोतराची गाठ पोटावर दोनदा मारलेली होती. मोठ्या दवाखान्यात विजेचा शेक देऊन झाला होता. आता घरी ठेवा, दर आठवड्याला जळगावच्या डॉक्टरांना गळा दाखवत जा, असं त्यांनी सांगितलं होतं. भाऊ म्हणाला, "तुझ्या घरून दवाखाना जवळ पडतो. आमच्याकडून नरडाणा, नरडाण्याहून गाडी, नानांचे हाल होतील." खोटं नव्हतं ते. कपाशीची वेचणी तोंडावर होती तेही खोटं नव्हतं. वहिनीला तीन लहान पोरं, हेही खरं. सगळंच खरं होतं, नाना, म्हणून तर मला भांडायला जागा उरली नाही. आई असती तर वेगळं झालं असतं, पण ती आधीच गेलेली. भाऊ रिक्षावाल्याला थांबवूनच बोलत होता. वळकटी आणि तुमचा पितळी तांब्या पुढच्या खोलीत ठेवून तो त्याच रिक्षाने स्टेशनला गेला.

तांब्या पाहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो गच्च भरलेला होता. बोरिंगच्या पाण्याने, आपल्या शेतातल्या. आपल्याकडे लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, आणि माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मला लेकरू नव्हतं. चांगले दिवस होते तेव्हाही तुम्ही जळगावच्या बाजाराला आलात की दारात बसायचात, नवऱ्याशी कापसाच्या भावावर बोलायचात, आणि पाणी कोपऱ्यावरच्या गिरणीत जाऊन प्यायचात. आईनेही पाळलं. ती माझ्या घरचा एक घास न खाता गेली. तेव्हा मी हसण्यावारी न्यायचे. जुनी माणसं, म्हणायचे. पण आजारी माणूस चार-आठ महिने घरात खाटेवर असणार आणि त्या घरचं खाणार नाही, हे हसण्यावारी न्यायचं कसं?

पहिल्या संध्याकाळी मी ज्वारीच्या कण्यांची पेज केली, गाळली, निववली आणि तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही वाटी हलकेच बाजूला सारलीत. आवाज तेव्हा थोडा शिल्लक होता तुमचा. "बाई, मना जीव नको खाऊ. मी तुना घर जेवाव नही, तुले म्हाईत शे." मी म्हटलं, नाना, डॉक्टरांनी दर दोन तासांनी पोटात काहीतरी जाऊ द्या म्हटलंय. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. नवरा समजावून थकला. डॉक्टरांच्या गोळीबरोबर घोटभर पाणी मात्र तुम्ही माझ्या माठातलं घेतलंत, आणि वर मलाच सांगितलंत की औषधाचं पाणी म्हणजे पाणी नव्हे. हा कायदा तुम्ही कुठे वाचला होतात कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अक्का आल्या. त्यांचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून होतं, मध्ये छातीइतकी भिंत, आणि दार पलीकडच्या गल्लीत. रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरातल्या, नवरा गेलेला, लेकाच्या नोकरीमुळे जळगावात राहणाऱ्या. तुम्हाला पाहायला म्हणून आल्या, आणि वाटीत पातळ वरण आणलं होतं. तुम्ही ते प्यालात. सगळं. घोटागणिक डोळे मिटून प्यालात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते आणि खरं सांगते, मला आनंद झाला नाही, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्कांनी माझं तोंड पाहिलं. वाटी घासायच्या निमित्ताने आत आल्या आणि हळू म्हणाल्या, "बाप माझ्या हातचं खातो ना? मग तू रांध, भिंतीवरून माझ्याकडे दे, मी समोरून घेऊन येते. त्यात काय एवढं?" मी म्हटलं, अक्का, हे फसवणं झालं. तर म्हणाल्या, "उपाशी मारण्यापेक्षा बरं."

तसं सुरू झालं ते. मी रांधायची. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी पेज, दुपारी मुगाचं कढण, संध्याकाळी दुधात कुस्करून गाळलेली भाकर. तेलतिखट नाही, मीठ नखाएवढं, नाहीतर तोंडातल्या फोडांवर आग व्हायची. वाटी भिंतीवर ठेवून मी अक्कांना हाक मारायची. त्या ती उचलायच्या, पदराने झाकायच्या, आपल्या दारातून निघून गिरणीला वळसा घालून आमच्या दारात यायच्या आणि खाटेशी ठेवायच्या. माझ्या चुलीपासून तुमच्या खाटेपर्यंत मी हात लांब केला असता तर वाटी पोचली असती. अक्का स्वतःच म्हणायच्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तुम्ही काय म्हणायचात? "अक्काना हातले चव शे." रोज म्हणायचात. जो येईल त्याला सांगायचात. अक्का ओशाळून माझ्याकडे पाहायच्या. एकदा मला आत येऊन म्हणाल्या, "माझ्या सुनेला माझ्या हाताची चव कधी लागली नाही वं. तुझ्या बापालाच लागली." आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो होतो. ते हसू चार दिवस पुरलं असेल, नसेल.

कारण पेज ही त्यातली सोपी गोष्ट होती. फोडांसाठी मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, त्या तुम्हाला करवत नसत म्हणून बोटाला फडकं गुंडाळून तोंड पुसायचं. थुंकीचं भांडं राख घालून ठेवायचं, ते रिकामं करायचं, पुन्हा राख. मानेवरची जखम धुवायची. तिला वास यायचा, नाना. बापाच्या अंगाला तसा वास येतो हे सहन करायला मला कोणी शिकवलं नव्हतं. धोतरं, चादरी, फडकी उकळत्या पाण्यात टाकायची आणि ते पाणी नळाला येणार एक दिवसाआड. नवरा माणूस चांगला, हे मी तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणते. एसटीच्या वर्कशॉपमधून आला की तुमच्याजवळ बसायचा, पाय चेपायचा. मला म्हणायचा, तू जरा पड, मी बघतो. मी पडले की आतून हाक यायची, साखर कुठंय गं? राख कुठल्या डब्यात? फडकं हे की ते? शेवटी उठून करणं सोपं पडायचं.

आणि पाहुणे. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. तब्येत पाहायला म्हणून अर्धं गाव येऊन गेलं. सकाळच्या गाडीने यायचे, खाटेभोवती गोळा व्हायचे आणि रोगाचं नाव न घेता रोगावर बोलायचे. "नाना कसा हाडकी गया रे बाप." मग एक जण शिरपूरकडे डोंगरातल्या वैदूचं नाव सांगायचा, दुसरा म्हणायचा गोमूत्र. मग सगळ्यांना चहा, आणि दुपारची गाडी चुकली म्हणून जेवण. म्हणजे बघा, बठ्ठं गाव माझ्या हातचं जेवून गेलं, खाटेवरचा तेवढा एक सोडून. त्यातल्या एकानेही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन विचारलं नाही की बाई, तू कशी आहेस. भाऊ यायचा तेव्हा त्याच्या धाकट्या लेकीला घेऊन यायचा, परकरातली ती. ती खाटेवर तुमच्या पायाशी बसून तुमच्या टोपीशी खेळायची आणि जाताना माझ्या कमरेला मिठी मारून म्हणायची, फुई, तुझ्या लुगड्याला दवाखान्याचा वास येतो. पाहायला आलेल्यांपैकी माझ्याकडे लक्ष गेलं ते त्या एका पोरीचं.

तुम्हाला माझी नोकरी कधी नीट कळली नाही. 'फोनवर बोलानं काम' असं तुम्ही गावात सांगायचात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर आम्ही बायका ओळीने बसायचो, कानाला हेडसेट, समोर भोकंच भोकं आणि हातात दोऱ्या. एकाने भुसावळ मागितलं, दुसऱ्याने धुळं, की दोरी योग्य भोकात घालायची. एक दिवस मी एका व्यापाऱ्याला धुळ्याच्या मिलऐवजी धुळ्यातल्या कुणा म्हाताऱ्या बाईला जोडून दिलं, आणि दोघं एकमेकांवर ओरडत असताना दोरी हातात धरून बसल्या बसल्या झोपले. सुपरवायझर बाईंनी सगळ्यांसमोर माझा हेडसेट काढून घेतला. "झोप घरी काढून येत चला. इथे लोकांची कामं अडतात." मी काय सांगणार? वडील आजारी आहेत हे त्यांना माहीत होतं. त्या स्वतःच तब्येत पाहायला येऊन माझ्याकडे पोहे खाऊन गेल्या होत्या. बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि मला पहिल्यांदा तुमचा राग आला. म्हणजे रोगाचा नाही, नशिबाचा नाही, तुमचा. बाकी सगळं मी ओढलं असतं. पण रोज तीनदा ती वाटी भिंतीवर चढवताना मला कोणीतरी सांगत होतं की तुझं घर हे अजून घर नाही. ते सांगणारा कोण, तर माझा बाप.

अक्का रावेरकडे भाचीच्या लग्नाला गेल्या तो दिवस त्याच आठवड्यातला. त्या जाणार हे मला सांगून गेल्या होत्या, पण माझ्या डोक्यात काही राहतच नव्हतं. ड्यूटीवरून आले, लुगडंही न बदलता कढण केलं, वाटी भिंतीवर ठेवली, हाक मारली. पलीकडे दाराला कुलूप. ऊन असं की भिंतीला हात लागला तर चटका बसावा. तुमची खायची वेळ टळून गेली होती. मी वाटी परत उचलली. मागून बाहेर पडायला वाट नव्हती, गल्लीत निघणारं दार एकच, पुढचं, तुमच्या खाटेसमोरचं. मग मी काय केलं, ते तुम्ही पाहिलंच आहे. वाटी पदराखाली धरली, तुमच्या खाटेसमोरून तोंड फिरवून बाहेर गेले, भर उन्हात गिरणीपर्यंत चालत गेले, गिरणीवाल्याने विचारलं, काय ताई, दळण? मी म्हटलं, नाही, आणि वळून परत आले. आले ती थेट तुमच्यासमोर वाटी ठेवून म्हणाले, अक्कांनी दिलंय. तुम्ही उठून बसलात. चमचा चमचा करून सगळं प्यालात. मी वाटी उचलायला वाकले तेव्हा तुम्ही घोगऱ्या कुजबुजत्या आवाजात म्हणालात, "अक्का तं सकायलेच गावले गयी. मले सांगीसन गयी."

मी तिथेच जमिनीवर बसले. "मंग तुम्हले म्हाईत व्हतं?" तुम्ही मान हलवलीत. "कधपासून?" तुम्ही म्हणालात, "पहिला दिनपाइन. तुनी मायना हातनी चव वळखाव नही का मी?" ज्याला त्याला चव सांगत होतात ती आईची होती, म्हणजे माझी, आणि नाव अक्कांचं. त्यावर मी विरघळायला हवं होतं, नाही का? मी विरघळले नाही. मी ओरडले. आयुष्यात तुमच्यावर एकदाच ओरडले ती तेव्हा. मग मला उन्हातून कसाले फिरवलं? त्या म्हाताऱ्या बाईला रोज तीन हेलपाटे कसाले? माझे पाय तुटलेत, नाना, माझी नोकरी जायची वेळ आलीय, आणि तुम्ही माहीत असून खाटेवर बसून नाटक पाहताय?

तुम्ही फडक्याने तोंड पुसलंत. मग शब्दाशब्दाला थांबत बोललात. "मी तुना घर उघडपने जेवनू, म्हंजे मी मानी लिधं असं व्हई." मी विचारलं, काय मानलं? "तुना घर लेकरू येनार नही, असं. बापनी मानं नही पाहिजे. बाकीनास्नी मानो."

नाना, तुमचा घसा बंद होत चालला होता, पोटात दिवसाकाठी तीन वाट्या जात होत्या, आणि तुम्ही त्या तीन वाट्यांवर माझी कूस राखत बसला होतात. मला तेव्हा काय वाटलं ते इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, हेही आता माझ्याच डोक्यावर. मी आणि नवऱ्याने डॉक्टर करून झाले होते, उपास करून झाले होते, आणि मग एक दिवस तो म्हणाला होता, नाही तर नाही, आपण दोघं आहोत ना. मी त्यावर रडून घेतलं होतं आणि ते प्रकरण मिटवलं होतं. तुम्ही ते मिटू देत नव्हता. तुमची आशा मला नको होती. मला वाटी इकडून तिकडे नेणारं कोणी हवं होतं, एक रात्र सलग झोप हवी होती, आणि माझ्या हातचं माझ्या नावाने खाणारा बाप हवा होता. आशा काय, ती वाटीसारखी मलाच वाहून न्यावी लागणार होती. हे सगळं मी तुम्हाला म्हटलं नाही. वाटी घेतली, घासली आणि थुंकीच्या भांड्यात नवी राख घातली.

अक्का परत आल्या आणि वाटी पुन्हा भिंतीवरून जाऊ लागली. आता तिघांनाही माहीत होतं, तरी जात होती. अक्का म्हणाल्या, "दोघं बापलेक सारखेच हट्टी, मधे माझे गुडघे गेले." आता तुम्ही चवीचं नाव काढत नव्हता. वाटी पिऊन झाली की माझ्याकडे पाहायचात तेवढं. मी तिकडे बघायची नाही.

आणि मग ती सकाळ. आखाजीचा सण जवळ आलेला, गल्लीत पोरींनी लिंबाला झोका बांधलेला. तुम्हाला दोन दिवस काही गिळवलं नव्हतं. मी पेज केली, वाटीत ओतली, मागच्या दाराकडे वळले तर तुम्ही खाटेच्या लाकडावर बोटांनी टकटक केलंत. आवाज जवळजवळ उरलाच नव्हता, मी कान तुमच्या तोंडाशी नेला. "आज तुना चुलावरनं दे. फिरू नको."

महिनोन् महिने मी हेच मागत होते. आता मिळालं, तर मला हात पुढे करवेना. तुम्ही मानून टाकलं होतं. स्वतःबद्दलही आणि माझ्याबद्दलही, एकाच वाक्यात. वाटी हातात घेऊन मी मधल्या दारात उभी राहिले आणि मनात म्हटलं, आता? इतके दिवस मला फिरवलंत आणि आता, मी दमले म्हणून, की तुम्ही दमलात म्हणून? तुम्ही तोंड उघडून वाट पाहत होतात. मी खाटेवर बसले आणि चमच्याने दिलं. दोन चमचे गेले, तिसरा बाहेर आला. तुम्ही माझा हात धरून ठेवलात आणि म्हणालात, "गोड शे." त्यात मी मीठ घालायलाही विसरले होते. आखाजीच्या आधीच तुम्ही गेलात.

बाराव्याला गावी भावाने अक्कांना मानाने बसवून साडी-चोळी दिली. सगळ्या गावासमोर म्हणाला, या माउलीने माझ्या बापाला शेवटपर्यंत खाऊ घातलं. अक्का उठून काही सांगू लागल्या, तर मीच त्यांच्या पदराला धरून खाली बसवलं. त्या गर्दीत तुमची रीत उघडी पाडायला मला आवडलं नसतं. जळगावला परत आलो त्या संध्याकाळी मी मोरीत भांडी घासत होते, आणि भिंतीवरून धपकन साडीची घडी आली. पाठोपाठ अक्कांचा आवाज आला. "रांधलं तू, अन् साडी मी नेसू? तुझी तू ठेव." ती साडी मी नेसले, नाना. भावासमोरच नेसले, दिवाळीला. त्याने ओळखली नाही.

आता कालचं. भावाची ती धाकटी, टोपीशी खेळणारी, तिला धुळ्याला दिलीय. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून काही नाही. तिच्या सासूच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता सगळं हिच्यावर. नणंदा येतात, पाहतात, चहा घेतात आणि जातात. नवरा चांगला आहे, साखर कुठे आहे ते विचारतो. तिचं पत्र आलं, त्यात बाकी काहीच लिहिलं नव्हतं, फक्त एक ओळ, फुई, एकदा येऊन जा. मी रजा टाकून सकाळच्या एसटीने गेले. तिने दार उघडलं आणि मी तिचं तोंड पाहिलं, मग तिच्या लुगड्याचा वास घेतला. मी तिला म्हटलं, जा, झोप, आणि मला काहीही शोधून द्यायला उठू नकोस. राख असो नसो, माझं मी बघेन. सासूला मी पुसलं, जखमेवरची पट्टी बदलली, पेज केली, भरवली. तिची सासू भली आहे. एकदाही आढेवेढे न घेता सुनेच्या चुलीवरचं खाते, त्याचा मला हेवाच वाटला. पोरगी दुपार उलटेपर्यंत मेल्यासारखी झोपली होती. उठली तेव्हा गालावर चटईचे वळ उठले होते, आणि पहिलं काय केलं असेल तर चहा टाकला. आलं घालून, दूध जास्त. शेवेची बशी भरून समोर ठेवली.

आणि मी म्हणाले, नको गं, आत्ताच घेतला.

माझ्या तोंडून कसं गेलं मला कळलं नाही. ती बघतच राहिली. "फुई, सकाळपासून तू इथंच आहेस. कुठे घेतलास?" मी म्हटलं, शेजारी. तिचा शेजार म्हणजे बंद गोडाऊन. पोरगी हुशार आहे, तिने कप हळूच मागे ओढला. तिला कळलं असेल, तर उद्या तीही माझ्यावर अशीच चिडेल. चिडू दे. बसस्टँडवर येऊन मी पाठोपाठ दोन कप चहा प्याले, सकाळपासून पोटात दुसरं काही नव्हतं. जळगावच्या गाडीत बसले तरी हाताला त्या पट्टीच्या औषधाचा वास होता आणि माझं मलाच हसू येत होतं, रागही येत होता.

हे पाकीट मी कुठे टाकणार? गावच्या पत्त्यावर टाकलं तर पोस्टमन ते भावाच्या हातात देईल, आणि तो तेही माझ्या पुण्यात जमा करून टाकेल. घडी घालून त्या साडीत ठेवून देते. भांडण मिटलेलं नाही, नाना, हे लक्षात असू द्या. मला फिरवलंत ते चुकलंच तुमचं, आणि तुमची पोर दमली होती हे तुम्ही रोज खाटेवरून पाहत होतात. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा धुळ्याला जाणार आहे, दोन दिवस राहायला. डबा घरून भरून नेईन, तिला सांगेन पथ्य आहे. फक्त एवढंच सांगायचं राहिलं, की ती चहाचा कप माझ्यासमोर धरून उभी होती तेव्हा मला तलफ आली होती, भूकही लागली होती, आणि तरीही तिला लेकरू होईल असं मला अगदी मनापासून वाटत होतं.